ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ६.४०
नवीन वही, नवीन नोकरी. नोकरी तूर्त चाचणीवर. संकल्प: रोज लिहिणे. खाडाखोड न करणे. शुद्धलेखन सांभाळणे. कोणत्याही कामात घाई न करणे. घाईनेच माझे बी.सी.ए. अपुरे राहिले. (एकच विषय. आणि घाई परीक्षकाची.)

सायंकाळी ६.१५
पहिला दिवस उत्तम. प्रयोगशाळा लहान पण स्वच्छ. भिलाईतल्या रोलिंग मिलमधून पोलादाचे तुकडे येतात. हरिभाऊ नावाचे वयस्क गृहस्थ ते आरशासारखे घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मग पोलादातले कण दिसतात, त्यांचा फोटो निघतो, आणि कण किती व केवढे ते मोजायचे. मोजणारे सॉफ्टवेअर जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी केले आहे. सगळ्या जगाला फुकट देतात. इथले जुने सॉफ्टवेअर मागच्या महिन्यात कॉम्प्युटर फॉरमॅट करताना गेले. नवे मी बसवायचे, तीन ठिकाणी: सूक्ष्मदर्शकाजवळ विंडोज, ऑफिसात लिनक्स, आणि प्रणिता मॅडमचा मॅक. मॅडम इथल्या धातुतज्ज्ञ. सेक्टर १० मध्ये राहतात, कमी बोलतात.

मालक हेमराज सर. त्यांनी पेन ड्राइव्ह आणि सूचनापत्रक दिले. अठरा तारखेला दिल्लीहून तपासनीस येणार. त्यांच्यासमोर तिन्ही कॉम्प्युटरवर कण मोजून दाखवायचे, तर प्रयोगशाळेला मान्यता आणि मला कायमचे पत्र. न जमल्यास काय, हे मी विचारले नव्हते. त्यांनीच सांगितले. "नहीं हुआ तो भाई, किसी और को देखना पडेगा."

तीन कॉम्प्युटर, सतरा दिवस. प्रत्येकी पाच, दोन राखीव. इतकी सोय आयुष्यात प्रथमच.

सूचनापत्रक वाचले. चार पाने, इंग्रजी. पहिल्याच ओळीत चूक. 'नो इन्स्टॉलेशन इज रिक्वायर्ड' असे छापले आहे. इन्स्टॉलेशन लागत नसते तर मला कशाला ठेवले असते? लाल बॉलपेनने 'नो' खोडले. मोठी माणसे मुद्रितशोधनाकडे लक्ष देत नाहीत.

मंगळवार, २ सप्टेंबर. सायंकाळी
सकाळी निघताना बाबांनी थांबवले. बाबा दुर्ग स्टेशनावर पॉइंट्समन होते, निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण अजून रिसालीच्या घरात दार लावतानाही मागे वळून बघतात. म्हणाले, "लाइन क्लिअर कागदावर भेटल्याबिगर गाडी नाही हलवायची, पराग. तोंडी तं कोनीबी काहीबी सांगते." हे सूत्र मानतो.

दुपारी चहाला हरिभाऊंनी भिलाईच्या पोलाद प्लांटमधली गोष्ट सांगितली. ते तिथे पस्तीस वर्षे होते. यंत्रावर कुणी काम करत असेल तर तो आपल्या नावाचा लाल टॅग यंत्राला लावतो. मग साक्षात मोठे साहेब आले तरी यंत्राला हात लागत नाही. काम संपल्यावर ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. दुसऱ्याने काढला तर आत माणूस असू शकतो.

याला म्हणतात पद्धत. लगेच तीन टॅग तयार केले. लाल पुठ्ठा, ठळक अक्षर, वर प्लॅस्टिक: 'काम चालू आहे. स्पर्श करू नये. — पराग'. तिन्ही कॉम्प्युटरना बांधले. जोडीला एक रजिस्टर: 'इन्स्टॉलेशन: प्रयत्न व परिणाम'.

हरिभाऊ विंडोजपाशीच उभे होते. पेन ड्राइव्ह मागत होते, लावून पाहू का म्हणत होते. टॅग त्यांना वाचून दाखवला. त्यांनी हात मागे घेतला आणि स्टूल दोन वीत सरकवले. विचारले, "मंग आता मी हात नाही लावायचा?" नाही म्हटले. शिस्तीचा माणूस. आवडला.

तोवर ते कण डोळ्यांनी मोजणार आहेत.

गुरुवार, ४ सप्टेंबर
विंडोज. अद्याप इन्स्टॉलेशन नाही, कारण घर झाडल्याशिवाय पाट मांडत नाहीत. जुन्या फोटोंच्या ६१४ फाइली. 'सॅम्पल'चे स्पेलिंग नऊ प्रकारे. सगळ्या नावे बदलून शुद्ध केल्या. दीड दिवस लागला, पण आता डोळ्यांना बरे वाटते.

मॅडमना परवाचे फोटो सापडेनात. त्यांना चुकीच्या स्पेलिंगने शोधायची सवय झाली आहे. होईल हळूहळू.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
आज प्रत्यक्ष प्रारंभ. पेन ड्राइव्हमधले फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवायला गेलो. विंडोज म्हणाले, परवानगी नाही. ताबडतोब थांबलो. सरांकडे लेखी परवानगी मागितली. सर फोनवर होते, त्यांनी डब्याच्या कागदावर 'अनुमति है' लिहून सही केली. कागद रजिस्टरला डकवला. परत प्रयत्न. परवानगी नाही. सही दाखवण्याची सोय या विंडोजमध्ये नाही.

प्रयत्न क्र. १ ते ६. परिणाम: विचाराधीन.

शनिवार, ६ सप्टेंबर
अनंत चतुर्दशी. अर्धा दिवस. आई म्हणाली की उद्यापासून पितृपक्ष, नवीन काम सुरू करू नको. मी समजावले की सॉफ्टवेअर जुनेच आहे, फक्त आवृत्ती नवीन. तिने विचारले, मग ते आधीच्या पोराने बसवलं होतं तसंच बसव ना. आईला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

पाच दिवस संपले. विंडोज बाकी. राखीव दोनपैकी एक त्याला दिला.

सोमवार, ८ सप्टेंबर
वेळापत्रक सुधारले. आधी लिनक्स. पडद्यावर पासवर्डची चौकट. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. माझ्याआधी इथे माणिक नावाचा ऑपरेटर होता, आता नागपूरला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला पासवर्ड नाहीच, नुसते एंटर दाब.

फोन ठेवला. चौकट आहे, तिच्यावर 'पासवर्ड' लिहिलेले आहे, आणि हा म्हणतो नाहीच. किती सहज बोलतात लोक. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्दावर एंटर दाबायचे? माझ्या जागी बाबा असते तर सिग्नल मिळाला असता तरी कागदाशिवाय गाडी हलवली नसती.

माणिकला लेखी विचारणा पाठवली. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह.

मंगळवार, ९ सप्टेंबर
पोचपावतीची वाट.

बुधवार, १० सप्टेंबर. सकाळी ७.३०
आईने तांदळाच्या पिठाचा चीला केला होता, अर्धा ठेवला. शर्टाचे बटण दोनदा चुकीच्या काजात.

सायंकाळी
माणिकचा फोन आला. पत्र मिळाल्यावर तो हसत होता असे वाटले. त्याने पुन्हा तेच सांगितले आणि शेवटी 'बे' लावला. लेखी द्यायला नकार. रजिस्टरमध्ये नोंद: 'संबंधित व्यक्तीचे असहकार्य.'

सर येऊन विचारून गेले, कितना हुआ? मी म्हटले, पायाभरणी पूर्ण. ते रजिस्टरकडे बघत राहिले.

गुरुवार, ११ सप्टेंबर
मॅक. मॅडम टॅग बाजूला सारून ईमेल पाहत होत्या. रजिस्टरमध्ये नोंद केली. जेवणाच्या सुटीत त्यांनी अर्धा तास लॅपटॉप दिला. सॉफ्टवेअरवर दोनदा क्लिक केले. मॅकने सांगितले की याचा निर्माता अनोळखी आहे, ओळख पडताळता येत नाही, उघडणार नाही.

प्रथमच एखाद्या कॉम्प्युटरबद्दल आदर वाटला. हा माझ्यासारखाच आहे.

मॅडम म्हणाल्या की बहुतेक उजवे क्लिक करून उघडते. त्यांना विनंती केली की अनोळखी माणसाला मागच्या दाराने घरात घेऊ नये. त्या डबा उघडून बसल्या.

दुपारी प्राध्यापकांना ईमेल लिहिले. तीन वेळा स्पेलिंग तपासले. आशय: आपले सॉफ्टवेअर बसवण्यास उत्सुक आहोत, तथापि आपली ओळख सिद्ध झालेली नाही. तरी आपल्या शासनाने दिलेल्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत, आधार कार्ड अथवा तत्सम, उलट टपाली पाठवावी.

फार दिवसांनी एखादे काम पूर्ण केल्यासारखे वाटले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
हरिभाऊंचे डोळे लाल झाले आहेत. दर तासाला थेंब टाकतात. वयोमानाने होते. दहा दिवस कण डोळ्यांनी मोजतात, तरी मॅडमना अहवाल वेळेवर देतात. जुन्या माणसांना कॉम्प्युटरची उणीव भासत नाही, हे एका परीने बरे.

आज ते टॅगपाशी उभे राहून, हात मागे बांधून, हळूच म्हणाले की पेन ड्राइव्ह लावल्यावर त्यातलं फोल्डर उघडून पाहिलं का तुम्ही, आतमध्ये एक छोटं चित्र राहते. मी त्यांना शांतपणे समजावले की हे पॉलिश करण्याइतके सरळ नाही. ते "हो, ते तं आहेच" म्हणाले आणि तुकडा घासायला गेले.

आता पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात, लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. घरीही नेतो. धोका नको.

रविवार, १४ सप्टेंबर
सुटी. बाबांनी दुर्गला निवृत्तांच्या बाकावर सांगून टाकले की पोरगा पर्मनंट झाला. मी म्हटले, अजून नाही. बाबा म्हणाले, "तीन मशिनी अन् सतरा दिवस. माह्या काळात तेवढ्यात यार्ड बदलून टाकत होते." नंतर विचारले की किती झाल्या. मी म्हटले तिन्ही प्रगतिपथावर.

खोटे नाही. सहा पाने प्रगती आहे.

दिवसभर घरात फेऱ्या. आईने दोनदा विचारले, काय शोधून राहिला? काही नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर
प्राध्यापकांचे उत्तर आले. अत्यंत सौजन्यपूर्ण. म्हणतात की असे पत्र वीस वर्षांत प्रथमच आले, आनंद झाला, आणि सोबत वाचनालयाचे ओळखपत्र जोडले आहे. त्यावर दाढीवाला फोटो, मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. हे कसे चालेल? पासपोर्टची प्रत मागवली.

शेवटी त्यांनी लिहिले आहे की तुम्ही कशासाठी अडला आहात ते कळले नाही, इन्स्टॉलेशन लागतच नाही, फोल्डर उघडा आणि चालवा. म्हणजे सूचनापत्रकातली चूक छपाईची नव्हती. सवयीची आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सायंकाळी ७.००
शांत आहे.

उद्याचा दिवस राखीव. याच प्रसंगासाठी ठेवला होता. वेळापत्रक: ९ ते १२ विंडोज (सरांकडून पासवर्डसह परवानगी, लेखी). १२ ते २ लिनक्स (माणिकविरुद्ध तक्रारअर्ज, नंतर अन्य मार्ग). २ ते ५ मॅक (पासपोर्ट आला तर). ५ ते ६ सराव. ६ वाजता टॅग काढणे.

वेळापत्रक दोन रंगांत लिहून वहीत ठेवले. सुंदर आले आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर. सकाळी ९.३०
फाटकावर मांडव. लाउडस्पीकर. झेंडूची तोरणे.

विश्वकर्मा पूजा.

तेवीस वर्षे भिलाईत राहतो. लहानपणी दर वर्षी आजच्याच दिवशी मांडवामांडवातून बुंदी खात फिरलो. आणि राखीव दिवस म्हणून नेमका हाच निवडला. आज या गावात कुणी पाना उचलत नाही, कुणी स्विच दाबत नाही.

दुपारी १.००
सगळी यंत्रे धुऊन पुसून, बंद. सूक्ष्मदर्शकाला हार. हरिभाऊंनी घासायचे कापडसुद्धा घडी करून देवापुढे ठेवले. सिंधुताई इथे साफसफाई करतात, त्यांनी तिन्ही पडद्यांवर हळदकुंकवाची बोटे लावली, आणि लाल टॅगनाही लावली. तेही यंत्राचेच अवयव समजून.

हरिभाऊंना बाजूला घेऊन विचारले की एखादा कॉम्प्युटर, फक्त एक, आवाज न करता चालू केला तर? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलो आहे.

बुंदी घेतली. हातातच ओली झाली.

सायंकाळी
नवी योजना. उद्या सकाळी साडेसातला पोहोचणे. तपासनीस दहाला. अडीच तास. प्रत्येकी पन्नास मिनिटे. पुरेसे आहे. सतरा दिवसांचा अभ्यास पाठीशी आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर. सकाळी ७.२५
कुलूप. किल्ली सिंधुताईंकडे. त्या नऊला येतात.

८.१०
पायरीवर बसून रजिस्टर वाचतो आहे. अक्षर निर्दोष.

९.०५
सिंधुताई आल्या. त्यांच्यामागे पांढरी गाडी. तपासनीस लवकर आले.

सायंकाळी ६.३०
जसे घडले तसे लिहितो.

तपासनीस साठीचे, पांढरे केस, बारीक चष्मा. चहा नको म्हणाले, आधी मोजणी दाखवा. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी रजिस्टर उघडले आणि प्रयत्न क्र. १ पासून सांगायला सुरुवात केली. ते चौथ्यापर्यंत ऐकत होते. सरांचे कान लाल झाले. तपासनिसांनी विचारले, एकावर तरी चालते का? मी म्हटले, तिन्ही अंतिम टप्प्यात आहेत.

सर हरिभाऊंकडे वळले, आप ही कुछ करो म्हणाले. हरिभाऊ स्टुलाजवळ उभे, हात मागे. म्हणाले की टॅग लागलेला आहे. सर म्हणाले, निकालो ना. हरिभाऊंनी मान हलवली.

"पस्तीस वर्षांत दुसऱ्याचा टॅग नाही काढला, सर. ज्यानं लावला त्यानंच काढायचा राहते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. टॅग काढणे म्हणजे काम पूर्ण. असे मीच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिले आहे, खाली रेघ मारून. काम पूर्ण नव्हते. पंखा फिरत होता. तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. मी गाठ सोडायला लागलो. गाठ पक्की मारली होती, नखाने सोडवावी लागली. बोटांना कुंकू लागले.

हरिभाऊंनी हात पुढे केला. मी खिशातून पिशवी काढली, पिशवीतून पेन ड्राइव्ह. त्यांनी लावला, फोल्डर उघडले, आतल्या छोट्या चित्रावर दोनदा क्लिक केले.

मी घड्याळ पाहिले. अकरा सेकंद.

खिडकी उघडली. त्यांनी परवाचाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फोटो काढला, आत टाकला, कणांच्या कडा पिवळ्या झाल्या, आकडा आला. परवा डोळ्यांनी मोजलेला आणि हा, जवळजवळ एकच. तपासनिसांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

ऑफिसात मी लिनक्सचा टॅग सोडला. हरिभाऊंनी एंटर दाबले. आत गेले. मॅकचाही टॅग मी सोडला, मॅडमनी उजवे क्लिक केले. तिन्ही मिळून नऊ मिनिटे, त्यांत एक मिनिट ऑफिसपर्यंत चालण्याचे.

सर मला म्हणाले, "तो इसमें इन्स्टॉल क्या करना था?"

मी रजिस्टर मिटले.

हरिभाऊंना नंतर विचारले की माहीत होते तर बोलला का नाही. ते डोळ्यांत थेंब टाकत होते. मान वर करूनच म्हणाले, "बोललो ना एकदा. पण तुमचा टॅग होता. मले वाटलं, तुम्ही आतमध्ये काही मोठं करून राहिले."

सोळा दिवस ते रोज टॅग वाचून डोळ्यांनी मोजत बसले.

तपासनिसांनी जाताना तिन्ही टॅग आणि रजिस्टर मागून घेऊन पाहिले. विचारले, हे कुणी केले. सर सांगू की नको अशा चेहऱ्याने माझे नाव बोलले. तपासनीस म्हणाले की देशभर फिरतो, पण टॅगचा एवढा मान राखणारी प्रयोगशाळा पाहिली नाही, हे काम करणाऱ्याला जाऊ देऊ नका. आक्षेप शून्य लिहून सही केली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. सायंकाळी ७.१५
पत्र मिळाले. कायमचे.

पद: नमुना सहायक. हरिभाऊंच्या हाताखाली. काम: येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालणे, टॅग बांधणे, रजिस्टरात नोंदणे. सर म्हणाले की यापुढे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. सवयीने मी म्हटले, हे लेखी मिळाले तर बरे. त्यांनी लगेच लिहून दिले. सही ठळक आहे.

घरी बाबांना पत्र दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. दुसरा जरा जास्त वेळ. मग घडी करून परत दिले आणि म्हणाले, कागदावर आहे न, मंग झालं. दुर्गला काय सांगायचे ते विचारले नाही.

आईने विचारले, मग कॉम्प्युटर कोण चालवणार? म्हटले, हरिभाऊ. तेच म्हातारे का, ती म्हणाली, ज्यांच्या डोळ्यांना त्रास होता? म्हटले, हो. आता कमी होईल. सोमवारी त्यांच्यासाठी थेंबांची नवी बाटली नेणार आहे. नाव चिठ्ठीवर उतरवून घेतले आहे, स्पेलिंगसह.

उशिरा का होईना, एक दुरुस्ती करायला घेतली. सूचनापत्रक काढले. पहिल्या ओळीतला 'नो' लाल बॉलपेनने खोडला होता. खोडरबराच्या निळ्या बाजूने रेघ हळूहळू घासली. घाई केली नाही.

कागदाला भोक पडले. नेमके 'नो' होते तिथेच.